आत बसवलेली लाथ

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या कळण्याच्या भाकरीला तव्यानं सोडू नये, माझ्या चुलीचा धूर माझ्याच डोळ्यात जावो, आणि पुढचे सात जन्म मला पहूरच्या विहिरीचं पाणी ओढायला लागो. ती विहीर ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल, याहून मोठी शपथ नाही.

तर पहूरच्या सुपडू पाटलांची कंबर गेली. लढाई संपली होती आणि रेशन संपलं नव्हतं, त्या सालातली ही गोष्ट. कंबर काही एका दिवसात गेली नाही. आधी चमक आली, मग ती मुक्कामाला राहिली, मग डाव्या पायात उतरून तिनं तिथे घरच बांधलं. सुपडू आबा उठताना "अय माय व" म्हणायचे, बसताना "मरी गऊ व" म्हणायचे, आणि मधल्या वेळात दोन्ही म्हणायचे. विटा तापवून शेकलं, लेप लावले, बिब्ब्याचे चटके दिले. कंबर तशीच, वर चटक्यांची आग वेगळी.

राहिला पायाळू. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून जो पायाकडून येतो तो. पाय पुढं, डोकं मागं. अशा माणसानं दुखऱ्या कमरेवर लाथ मारली की चमक पळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गावात पायाळू एकच, वना. पण वनानं जन्मभर एका पायावर उभं राहून लोकांना लाथा मारल्या होत्या, आणि शेवटी त्याचीच कंबर गेली. तो खाटेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होता, "कोनी पायाळू भेटना तं आठे धाडा रे भो."

आता खरी गंमत अशी, की दुसरा पायाळू आबांच्या घरातच होता. त्यांची सून शेवंता.

शेवंता धुळ्याकडची. देवपुराच्या पलीकडच्या खेड्यातली. चालायला लागली तेव्हापासून तिच्या दारात सकाळी कमरा धरून माणसं उभी. भाकरी तव्यावर टाकली की, "शेवंता, एक लाथ मारी जाय व." केस विंचरायला बसली की, "शेवंता, दोनच मार." अर्धं धुळं तिच्या पायाखालून गेलं होतं म्हणा ना. पोर लाथा मारून मारून अशी थकली, की लग्न ठरलं तेव्हा तिला नवऱ्याचा नाही, गाव बदलण्याचा आनंद झाला. आईनंही कानात सांगितलं, "तठे सांगू नको माय. नही तं सासरले बी जनमभर लाथाच मारत बसशी." बाकीच्या पोरींना सासरी लाथा खाव्या लागतील याची भीती असते. हिचं उलटं.

म्हणून ती गप्प राहिली. बाकी दमण्यात काही कमी नव्हतं. पहाटे दळण, मग ती विहीर, मग चूल, मग केळीच्या बागेत, मग पुन्हा ती विहीर. पण निदान कोणाच्या कमरेत पाय घालावा लागत नव्हता. तेवढंच तिचं सुख.

अजून एक सांगायला हवं. त्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. रीतच तशी. सुनेचा पदर नाकापर्यंत, आणि सासऱ्याला काही सांगायचं असलं की तो ओसरीच्या खांबाला सांगणार. "खांबा, तिले सांग, आज भाजी मा मीठ नही." शेवंता आतून भांडं आपटून उत्तर देई. एकदा आपटलं तर "हो", दोनदा आपटलं तर "तुम्हीच करून खा". इतकी वर्षं संसार असा खांबावर तोललेला.

शेवटी लोटननं, म्हणजे आबांच्या मुलानं, बापाला धुळ्याला न्यायचं ठरवलं. तिथे एका दवाखान्यात लढाईवरून आलेला एक डॉक्टर होता. आडनाव दाबके, पण दाबत बसायचा नाही, थेट कापायचा. छोट्या गाडीनं पाचोरा, तिथून चाळीसगाव, तिथून धुळं. आबांना बाकावर आडवं घातलं होतं, आणि प्रत्येक स्टेशनावर चढणारा माणूस आधी आबांवर बसत होता आणि मग सॉरी म्हणत होता.

डॉक्टरनं सांगितलं, "पाठीचा फोटो काढू."

आबांनी लोटनला बाजारातून नवा फेटा आणायला लावला. मिशीला तेल लावलं. फोटो निघाला, डॉक्टरनं उजेडासमोर धरला, आणि आबा बघतात तर नुसती हाडं.

"मना फेटा कोठे गया?"

"आबा, हा आतला फोटो आहे."

"आतना तं आतना. पन मिशी?"

डॉक्टर दिवसभर पेशंट बघून कंटाळला होता. त्यानं बोट ठेवून समजावलं, "हे बघा. दोन मणक्यांच्या मधे एक गादी असते. तुमची खालची गादी झिजून गेलीय, आणि थोडी बाहेर सरकलीय. ती पायाकडे जाणारी नस दाबते. म्हणून दुखणं कमरेत आणि कळ पायात."

"गादी झिजनी तं पिंजारी बलावू ना साहेब," आबा म्हणाले. "कापूस घरना शे. कापाकापी कसाले?"

"ही गादी पिंजून होत नाही. पाठ उघडायची, झिजलेली गादी काढायची, आणि ते दोन मणके पुन्हा हलू नयेत म्हणून तिथे हाड बसवून त्यांना एकमेकांना जखडायचं."

"हाड? कोनं हाड?"

"पायाचं."

"कोना पायनं?"

इतक्यात बाहेर कोणीतरी ओरडत आलं, डॉक्टर उठला, आणि जाता जाता दारातून म्हणाला, "पायाचं हो! त्याची तयारी करून या."

मनाची तयारी, असं त्याला म्हणायचं होतं. पण मन हा शब्द दाराबाहेरच राहिला.

गावात आल्यावर ओट्यावर माणसं जमली. सगळ्यात म्हातारे नथ्थू बाबा. त्यांना विचारल्याशिवाय पहूरमध्ये कोंबडाही आरवत नसे. लोटननं सगळं सांगितलं. नथ्थू बाबांनी चिलमीचा एक दम मारला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं.

"कंबर मा पायनं हाड?" ते म्हणाले. "मंग ते पायाळूनंच. दुसरं कोनं ऱ्हाई? आपन वरथून लाथ मारतस, तिना गुण दोन दिन ऱ्हास. इलायतवाला हुशार. त्यास्नी लाथ आतच बसाडी दिन्ही. कायमनी!"

सगळ्यांना एकदम पटलं. पटण्यासारखंच होतं. आबांच्याही तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. कापणं म्हणजे काहीतरी परकं, पण लाथ म्हणजे आपली माहितीतली गोष्ट.

आता पायाळू शोधायचा. आणि इथे गावाचा खरा रंग दिसला. कालपर्यंत चहाच्या आशेनं "मी बी थोडा पायाळू शे" म्हणणारे निघाले होते, ते आता आपापल्या आईला पुढे करून शपथेवर सांगू लागले की आम्ही डोक्याकडूनच आलो. एकजण तर म्हणाला, "मी आडवा उनू व्हतू, आबा." वनाकडे गेले, तर तो खाटेवरूनच म्हणाला, "मनं हाड लई जा, पन मनी कंबर बी संगे लई जा."

शेवंता आत भाकरी थापत हे सगळं ऐकत होती. तिच्या हातातली भाकरी थापता थापता इतकी मोठी झाली की तव्यावर मावेना.

बाजाराच्या दिवशी तिच्या माहेरचा पुना मिरच्या विकायला पहूरला आला. माहेरचं माणूस म्हणून शेवंताला भेटायला घरी आला. ओसरीवर आबा आडवे, यशोदाबाई, म्हणजे तिची सासू, तूर निवडत बसलेली. पुनानं पाणी पिऊन मोठ्या प्रेमानं हाक मारली.

"शेवंता! बरी शे ना व? तुनी लई याद येस. तू गई तधळपासून मनी कंबर धरेल शे. तुनी लाथनी सर कोनालेच नही!"

आत भांडं पडलं. किती वेळा आपटलं ते कोणाला मोजता आलं नाही.

यशोदाबाईनं तुरीचं सूप खाली ठेवलं. "कोनी लाथ?"

"शेवंतानी. पायाळू शे ना ती. तुमले नही माहीत?"

पुना मिरच्या घेऊन बाजारात गेला, आणि त्याच्या मिरच्यांहून तिखट बातमी त्याच्या आधी गावभर पोचली.

त्या दिवसापासून घर बदललं. यशोदाबाई, जिनं सुनेला कधी साय दाखवली नव्हती, ती सकाळी दुधाचा पेला घेऊन उभी. "पे माय. हाड बळकट व्हई." दुपारी शिरा. संध्याकाळी स्वतः खाली बसून सुनेच्या नडगीला तेल चोळायला लागली, आणि चोळताना बोटांनी हाडाची लांबी बघू लागली. "चांगलं भरेल शे," ती समाधानानं म्हणाली. शेवंतानं आजवर अनेक बोकड असेच लाडात आलेले पाहिले होते. पुढे काय होतं तेही तिला माहीत होतं.

लोटन बिचारा दोन्हीकडून मेला. "मी काय करू?" तो बायकोला म्हणाला. "एक बाजूले बाप, एक बाजूले तुना पाय."

"पाय मना शे," शेवंता म्हणाली. "तुमी फक्त बापनं बोला."

रात्रभर तिनं विचार केला आणि सकाळी सासूपाशी गेली. "सासूबाई, आत बसाडानं मंग दखू. आधी वरथून मारी दखू. गुण उना तं दवाखानाच नको."

यशोदाबाईनं कपाळावर हात मारला. "सून सासराले लाथ मारी? वरथून? मंग जग कसावर उभं ऱ्हाई?"

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, कण्हता पण ठाम. "खांबा, त्यास्ले सांग, गोधडी आडवी धरा. गोधडीमांगे कोन शे ते माले काय माहीत?"

असा मार्ग निघाला. आबांना खांब धरून उभं केलं. मागं लोटन आणि यशोदाबाईनं गोधडी ताणून धरली. गोधडीपलीकडे शेवंता. नथ्थू बाबा देखरेखीला, आणि देखरेखीवर देखरेख करायला उरलेलं गाव.

पहिली लाथ शेवंतानं लाजत, जेमतेम अंगठा लावून मारली.

"खांबा," आबा म्हणाले, "माशी बसनी का काय? तिले सांग, मनथीन मार."

मनातून मार. आता मनात काय काय होतं, ते त्या माणसाला काय ठाऊक. मनात ती विहीर होती. पहाटेचं जातं होतं. मीठ नाही म्हणून परत आलेल्या भाज्या होत्या, माहेरच्या सगळ्या सकाळी होत्या, आणि गेल्या आठवड्यात नडगीवरून फिरलेली सासूची बोटं होती. शेवंतानं पदर खोचला, दोन पावलं मागं सरली, आणि मारली.

त्या लाथेच्या आवाजानं पिंपळावरचे बगळे उठले ते म्हणे थेट जामनेरला जाऊन बसले. गोधडी फाटली. लोटन एका बाजूला, यशोदाबाई दुसऱ्या बाजूला. आणि आबा? आबा सरळ उभे! हात वर, छाती पुढं, बाणासारखे. नथ्थू बाबा ओरडले, "गई! चमक गई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत आबा खांबावरून हळूहळू घसरत खाली आले आणि म्हणाले, "मना डावा पाय कोठे शे?" पाय जागेवरच होता, पण पंजा उचलेना, बोटं हलेनात.

आता मात्र कोणी नथ्थू बाबांना विचारायला थांबलं नाही. तीच छोटी गाडी, तेच पाचोरा, तेच चाळीसगाव. फरक इतकाच की या वेळी संगे शेवंताही होती. तयारी म्हणून.

डॉक्टर दाबक्यांनी आबांना पालथं घातलं, पायाला टाचणी लावून पाहिली, कमरेवरचा काळानिळा डाग पाहिला, आणि विचारलं, "लाथ कोणी मारली?"

लोटन छताकडे बघू लागला. शेवंता पदरात शिरली. आबांनी आसपास खांब शोधला, नव्हता, म्हणून खाटेच्या लोखंडी दांडीला सांगितलं, "बैलनी."

"बैलाला पाच बोटं असतात?" डॉक्टर म्हणाला. "आणि पैंजण?"



"नस पार दाबली गेलीय. आता थांबता येणार नाही. उद्याच उघडू. मागच्या वेळी सांगितलं होतं, हाडाचं. तयारी करून आलात ना?"

"हो साहेब." लोटननं शेवंताला कोपराला धरून पुढं केलं.

"ह्या कोण?"

"हाड शे, साहेब."

डॉक्टरनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. लढाईत त्यानं बरंच पाहिलं होतं, पण हे नव्हतं. मग लोटननं त्याला पायाळूपासून नथ्थू बाबांपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता स्टुलावर बसला आणि थकल्या आवाजात म्हणाला, "अहो, हाड ह्यांचंच घ्यायचं. ह्यांच्याच नडगीतली एक पट्टी काढायची आणि ह्यांच्याच पाठीत बसवायची. दुसऱ्याचं कशाला लागतंय?"

शेवंतानं आपली नडगी चाचपून पाहिली. ती मटकन खाली बसली. सासऱ्यासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली होती, पण त्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता, कारण आबांनी जो टाहो फोडला तो पांझरा नदीच्या पलीकडे गेला असेल.

"मना पाय? मना चांगला पायले कसाले हात लावतस? कंबर बिघडेल शे, ती कापा! ती दखा ना, ती बसेल शे! तिनं घ्या! ती दूध पिसन तयार शे!"

सगळा वॉर्ड उठून बसला. ज्यांना उठायची मनाई होती तेही उठले. सुपडू पाटील, ज्यांच्या खाकरण्यानं पहूरचा बाजार पेठेसकट गप्प होई, ते खाटेची दांडी कवटाळून सुनेचा पाय मागत रडत होते.

डॉक्टर म्हणाला, "हो म्हणा नाहीतर घरी जा. पण हा पाय असाच लोंबता राहील."

तो निघून गेला. लोटन चहा आणायच्या निमित्तानं पळाला. राहिले दोघं, आणि मधे ती लोखंडी दांडी.

आधी पदराआडून आवाज आला. शेवंता आबांशी नाही, दांडीशी बोलत होती. "दांडी, त्यास्ले सांग, गुंगीनं अवषद देतस. काही समजत नही. मी बाहेर बसेल ऱ्हासू."

आबांनी नाक पुसलं. "दांडी, तिले सांग, गाव मा कळी तं माले तोंड दाखाडता येवाव नही. पाटील रडना. आनि रडीसन बी हाड सोतानंच लागनं."



"दांडी, त्यास्ले सांग," शेवंता म्हणाली, "गावले सांगू, हाड मनंच बसाडं."

आबांनी मान वळवली.

"पन ज्या पायनं हाड गयं, तो पाय लंगडस. लंगडा पायनं लाथ मारता येस नही. आनि विहीरवर जाता येस नही."

आबांनी विचार केला. फार नाही केला. "दांडी," ते म्हणाले, "तिले सांग, कबूल."

दुसऱ्या दिवशी पाठ उघडली. शेवंता सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती, बोलल्याप्रमाणे. दुपार कलली तेव्हा डॉक्टर हात पुसत आला आणि म्हणाला, "झालं. गादी काढली, हाड बसवलं. आता निजणं." निजणं म्हणजे किती, तर छातीपासून मांडीपर्यंत प्लास्टर, आणि आबा भिंतीला टेकवलेल्या खांबासारखे आडवे. केळीला घड आले, पिकले, भुसावळहून आगगाडीत चढले, तरी आबा तिथेच. डाव्या पायाची बोटं आधी एक हलली, मग सगळी. शेवंताचाही "पाय" बरा व्हायचा होता, त्यामुळे ती माहेरी राहिली. दुपारी डबा आणून द्यायची, आणि उरलेला वेळ झोपायची. इतक्या वर्षांची झोप होती, ती काढायला तेवढे महिने लागलेच.

पहूरला विहिरीवर यशोदाबाई जात होती.

आबा आपल्या पायांनी चालत गावात आले तेव्हा ताशा लावला होता. पुढं आबा, ताठ. मागं शेवंता, लंगडत. लोक आधी तिच्या पायाला हात लावून मग आबांच्या पाया पडत होते. फक्त एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकत होती. आबांनी पायात गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे घातले होते. वैशाखात. आमच्या खानदेशातल्या वैशाखात, जिथे सावलीसुद्धा सावली शोधते. "डॉक्टरनी सांगेल शे," आबा म्हणायचे, आणि घामाचे ओघळ मोज्यात जिरायचे. नडगीवरचा तो लांबलचक वण गावात एकदाही कोणाला दिसला नाही.

आता सगळं सुखात संपायला हरकत नव्हती. पण नथ्थू बाबा जिवंत होते.

"लाथ आता कोठे शे?" त्यांनी चिलीम ओढत विचारलं. "सूनना पाय मा नही. ती तं आबानी पाठ मा शे. मंग जेन्ही कंबर दुखस त्यानी आबानी पाठले पाठ लावो. लाथ आतथून लागी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दार उघडलं तर ओट्यावर माणसं, कमरा धरून. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागणार. आबा पाठमोरे बसायचे आणि एकेक जण येऊन पाठीला पाठ घासून जायचा. कोणाची घामट, कोणाची केसाळ, कोणाला तेल लावलेलं. "आबा, जरा खाले." "आबा, जरा जोरथीन." वनाला तर चारपाईसकट आणला. आबांनी घास उचलला की कोणीतरी यायचं, डोळा लागला की कोणीतरी यायचं. शेजारच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या. मोजे घातलेला, ताठ पाठीचा तो माणूस दिवसेंदिवस असा दमला, की मिशीसुद्धा खाली बसली.

शेवंताचं मात्र बरं चाललं होतं. एवढंच, की लंगडायचं कुठल्या पायानं हे ती मधून मधून विसरायची. एका सकाळी यशोदाबाई डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन विहिरीवरून आली. सुनेकडे बघत ती उंबऱ्यात थांबली.

"सूनबाई, काल डावा व्हता."

शेवंतानं झटकन पाय बदलला.

यशोदाबाईनं हंडा उतरवला, दम घेतला. "एक पाय ठरावी ले, आनि तोच ठेव. नथ्थू बाबाले दिसत नही, पन बठ्ठं गाव आंधळं नही."

"सासूबाई, तुमले माहीत शे?"

"मोजा कोन धोस?" यशोदाबाई म्हणाली. "लोकरना मोजा वाळत नहीत, आनि वाळेपर्यंत त्यास्ना पाय उघडा ऱ्हास." मग कळशी पुन्हा उचलून ती वळली. "मनी सासूनी माले एक दिन बी लंगडू दिन्हं नही. बस तू."

आणि ती पुन्हा विहिरीवर गेली.

त्याच दिवशी दुपारी, ओट्यावरची शेवटची पाठ निघून गेल्यावर, आबा एकटे बसले होते. शेवंता पाण्याचा तांब्या घेऊन आली. कोणी नव्हतं म्हणून सरळ चालत आली. आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे बघून, तिच्याशीच बोलले.

"बेटा, तू धाकली व्हती तधळपासून असंच व्हतं ना? रोज सकाळ? भाकर तवावर ऱ्हास तधळ बी?"

शेवंतानं मान हलवली.

"माले आते समजनं," आबा म्हणाले. "लई दमनी व्हशी."

तर अशी ही गोष्ट. शब्दन् शब्द खरा. बगळे, पैंजण, मोजे, सगळं. जामनेरच्या माणसांना विचारा, ते बगळे अजून तिथेच आहेत.

फक्त एक बारीकसं मी पदरचं घातलं. आबा तिच्याकडे बघून बोलले, ते काही खरं नाही. तसा तो माणूस नव्हता. बोलले ते खांबाशीच, रोजच्यासारखे, तोंड तिकडे करून.

पण बेटा म्हणाले ते खरं. आणि खांबाला बेटा कोण म्हणतं?